सुईआधी बधिर करणं वाईट? त्या मेसेजला उत्तर

नागपुरात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: सुई टोचण्याआधी बधिर करणारी पट्टी किंवा मलम मुलांना लावू नका. त्याने मूल भित्रं होतं, लस वाया जाते, औषध रक्तात उतरतं आणि एवढं करून दुखतंच. विदर्भात सिकलसेलची (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) इतकी मुलं आहेत, त्यांना रक्त तपासणी आणि सलाईन कायमचीच. म्हणून गप्प बसवत नाही.

'मूल भित्रं होतं.' उलट आहे. दर वेळी दाबून धरून टोचलेलं लेकरू पुढे दवाखान्याच्या दारातच रडतं आणि मोठेपणी तपासणी टाळतं. सिकलसेलमध्ये ते फार महागात पडतं. तान्ह्या बाळांना दुखतच नाही, असं एकेकाळी डॉक्टरही मानत. ती समजूत मोडण्यात १९८७च्या सुमाराचं डॉ. कंवलजीत आनंद यांचं संशोधन महत्त्वाचं ठरलं.

'लस वाया जाते.' नाही जात. बधिरता कातडीपुरती असते, लसीची प्रतिकारशक्ती तशीच तयार होते.

'रक्तात उतरतं.' थोडं उतरतं, हे खरं. नेहमीच्या मलमात लिडोकेन आणि प्रिलोकेन असतं. प्रिलोकेन जास्त झालं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ निळसर पडतात. म्हणून तान्ही बाळं, जी-६-पीडीची (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमतरता असलेली किंवा सल्फाची औषधं घेणारी मुलं यांच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. जखमेवर तर नाहीच. पण यावरून सगळ्यांनाच नको म्हणणं चूक आहे.

'लावूनही दुखतं.' बहुतेकदा वेळ चुकते. मलम चोळायचं नाही. जाड थर द्यायचा, वर चिकटपट्टी लावून किमान एक तास ठेवायचं. तासाभरात साधारण ३ मिलिमीटर, दोन तासांत ५ मिलिमीटर खोल बधिर होतं. कामठीहून नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात येणाऱ्यांनी निघतानाच लावलं तर बराच वेळ रस्त्यातच निघतो. शीर कुठली घेणार हे सिस्टरना आधीच विचारा. पट्टी काढल्यावर कातडी पांढरी पडते, शीर दबल्यासारखी दिसते. दहा मिनिटं थांबा. मात्र मुलाला सिकलसेलच्या वेदनेचा झटका आला असेल तर तासभर वाट बघू नका.

आणि नागिणीनंतरच्या दुखण्यावर मिळणारी ५ टक्के लिडोकेनची पट्टी वेगळी. दुकानदाराने तीच पुढे केली, तर घेऊ नका.