दुब्रोव्हनिकच्या थांब्याबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

माननीय महोदया,

नमस्कार. जूनमधील आमच्या क्रूझ सहलीला दोन तारे देताना आपण लिहिले आहे की, क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकमध्ये सहा तास सांगून जेमतेम सव्वातीन तास मिळाले, जुन्या शहराभोवतीच्या तटबंदीवर नेलेच नाही, आणि त्यातला अर्धा तास कमिशनसाठी एका औषधाच्या दुकानात घालवला. आपण घड्याळ पाहून वेळा टिपून ठेवल्या होत्या, त्यामुळे मलाही गोलमोल उत्तर देण्याची सोय उरलेली नाही.

पहिल्या मुद्द्यात चूक आमची आहे. माहितीपत्रकात 'सकाळी ८ ते दुपारी २' अशी जी वेळ छापली, ती जहाज धक्क्याला असण्याची होती. जहाज जुन्या शहराला लागत नाही. ते सुमारे तीन किलोमीटरवरच्या ग्रुझ बंदरात लागते. तिथे उतरण्याची रांग, जुन्या शहराच्या पिले दरवाजापर्यंतची बस आणि जहाज सुटण्याच्या अर्धा तास आधी परतण्याची सक्ती हे सगळे वजा केले, की आपण लिहिलेलाच हिशेब उरतो. तो मला आधीपासून ठाऊक होता, आणि तरीही तो पत्रकात आला नाही.

तटबंदी १९४० मीटर लांब आणि काही ठिकाणी २५ मीटर उंच आहे. वरची वाट एकाच दिशेने चालायची असून सगळा फेरा दीड-दोन तासांचा, पायऱ्यांचा आणि जवळजवळ बिनसावलीचा आहे. आपल्या चौतीस जणांच्या गटात अकरा जण सत्तरीपुढचे होते, म्हणून फेरा वगळण्याचा निर्णय मी इथे नाशिकमध्ये बसून घेतला. टूर मॅनेजरला त्यासाठी बोल लावू नये, ही विनंती. मात्र ज्यांचे पाय धड होते त्यांना वेगळे पाठवता आले असते, हे आपले म्हणणे मी मान्य करतो. युगोस्लाव्ह सैन्याने १९९१-९२ मध्ये शहराला घातलेल्या वेढ्यात तोफगोळ्यांनी फुटलेल्या छपरांवर नंतर बसवलेली लालभडक कौले आणि त्यांच्या मधली जुनी, विटलेली कौले हा फरक वरूनच नीट कळतो. तो आपला राहून गेला.

औषधाच्या दुकानाबाबत मात्र मी सहमत नाही. ते फ्रान्सिस्कन मठातले औषधालय असून त्याची स्थापना १३१७ सालची आहे. युरोपातल्या सर्वांत जुन्या, अजूनही चालू असलेल्या औषधालयांत ते गणले जाते. तिथून आम्हाला एक छदामही मिळत नाही. (तिथली क्रीमची डबी मीही पदरचे पैसे देऊन आणली होती, तिचा गुण अद्याप दिसायचा आहे.) आत शिरण्यापूर्वी ही माहिती गटाला द्यायला हवी होती. ती दिली गेली नाही, म्हणून आपला गैरसमज झाला असावा.

गर्दीला आपण 'रामकुंडावरची पर्वणी' म्हटले आहे, ते खरेच आहे. एका वेळी दोनच मोठी जहाजे घेण्याचे धोरण त्या शहराने २०१९ मध्ये ठरवले, तरी सकाळी दहाच्या सुमारास पिले दरवाजातून सगळे एकदमच आत शिरतात. त्या गर्दीतही आपल्या सासूबाई १४३८ च्या ओनोफ्रियो कारंज्याच्या कट्ट्यावर टेकल्या, दगडी मुखवट्याखाली बाटली धरून पाणी भरले आणि 'आपल्या गोदेपेक्षा थंड आहे गं' म्हणाल्या, असे टूर मॅनेजरने मला सांगितले. बारा किलोमीटरवरून आणलेले ते पाणी आजही पिण्यायोग्य आहे.

पुढच्या हंगामाच्या पत्रकात जहाजाची वेळ आणि शहरात प्रत्यक्ष मिळणारा वेळ वेगवेगळा छापला जाईल, आणि तटबंदीसाठी नाव नोंदवणाऱ्यांचा गट बंदरावरच वेगळा निघेल. दुब्रोव्हनिक दर्शनासाठी घेतलेल्या रकमेपैकी निम्मी आपल्या दोघींना परत करत आहोत. बुकिंगची पावती घेऊन गंगापूर रोडच्या कार्यालयात यावे, किंवा पावतीवरच्या क्रमांकावर खात्याचा तपशील कळवावा. तो कृपया इथे जाहीरपणे लिहू नये.

आपला नम्र,
संचालक