सम्राटाच्या नोकरीत साहेब व्हायचंय ना? मग हे वाचा

सर्वांत आधी आईबाप पारखून घ्या. छिंग राजवटीच्या (1644–1912) चीनमध्ये सरकारी नोकरीची परीक्षा कुणालाही देता येते, म्हणजे तुम्ही बाई नसाल आणि नटाच्या घरात जन्मला नसाल तर. शेतकऱ्याच्या पोरालाही दार सताड उघडं आहे. फक्त पंधरा-वीस वर्षं त्याने नांगराला हात लावायचा नाही आणि गुरुजींचा खर्च बापाने निमूट भरायचा. आईबापांना एवढंही बजावून ठेवा, की ऐन परीक्षेच्या तोंडावर मरू नका. त्यांचं सुतक 27 महिने चालतं, तोवर परीक्षेला बसता येत नाही. आणि प्रांताची परीक्षा तीन वर्षांतून एकदा. करा हिशोब.

अभ्यासाचा बाऊ करू नका. कन्फ्यूशियसच्या परंपरेतले चार ग्रंथ आणि पाच अभिजात ग्रंथ, मिळून चार लाखांवर चिन्हं, तेवढीच पाठ करायची. अर्थाच्या भानगडीत पडू नका. तो बाराव्या शतकात चू शी या पंडितांनी लावून ठेवलाय आणि सरकारला तोच चालतो. निबंध ‘आठ पायांचा’, म्हणजे ठरीव आठ भागांचा लिहायचा, पाय मोजूनमापून. स्वतःचं मत मांडायची फारच उबळ आली तर पाणी प्या, कारण लिहायचं ते प्राचीन ऋषींच्या तोंडून, असा दंडकच आहे.

आता मुक्काम. प्रांताची परीक्षा होते त्या नानजिंगच्या परीक्षा-आवारात वीस हजारांवर कोठड्या आहेत, त्यातली एक तुमची. रुंदी जेमतेम तीन फूट, दार नाही. दोन फळ्या मिळतात. वरची टेबल, खालची बाक. रात्री दोन्ही एका पातळीत सरकवल्या की झाला पलंग. पाय पोटाशी घ्यायची सवय मात्र घरूनच करून या. तांदूळ, चूल, अंथरूण, मेणबत्त्या, सगळं स्वतःच वाहून आणायचं. फाटकावर झडती होते. काही हुशार मंडळी सदऱ्याच्या अस्तरावर मुंगीएवढ्या अक्षरांत अख्खे ग्रंथ लिहून आणतात. एवढं बारीक लिहिताना ते पाठ कसं होत नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

नशीब खोटं असेल तर ओळीच्या टोकाला, संडासाशेजारची कोठडी मिळेल. नाकाला फडकं बांधा आणि सदाचारावर लिहा. अशा तीन फेऱ्या, दर फेरीला दोन रात्री. मधेच मेलात तरी फाटक उघडत नाही. चटईत गुंडाळून भिंतीवरून पलीकडे देतात. तेव्हा शक्यतो निकालानंतर मरा.

अक्षर घोटून घोटून सुंदर करा. ते परीक्षकाला दिसणार नाही. नाव झाकतात आणि ओळख पटू नये म्हणून कारकून तुमचा काळ्या शाईतला पेपर लाल शाईत उतरवून काढतात. पुढे राजवाड्यातल्या शेवटच्या परीक्षेत मात्र नक्कल होत नाही, तिथे मजकुराआधी अक्षरच बघतात. वशिला लावायचा विचार असेल तर जपून. 1858 च्या पेकिंगमधल्या घोटाळ्यात मुख्य परीक्षक बाय जुन यांचं डोकं उडवलं होतं, आणि ते साधेसुधे नव्हे, दरबारातले महामंत्री होते.

नापास झालात? होणारच. नानजिंगला हजारोंतून शे-सव्वाशे घेतात. लेखक पू सोंगलिंग जन्मभर प्रांताची परीक्षा देत राहिले. सत्तरी उलटल्यावर सरकारने ज्येष्ठतेपोटी एक किरकोळ पदवी हातावर ठेवली. मधल्या काळात ते शिकवण्या करत आणि भुताखेतांच्या गोष्टी लिहीत. परीक्षकांशी एवढा संबंध आल्यावर विषय सुचायला कितीसा वेळ लागणार!

फारच मनाला लागलं तर तैपिंग बंडाचे पुढारी होंग श्यूछुआन यांचा कित्ता आहे. ग्वांगचौला चार वेळा आपटले. तिसऱ्यांदा नापास झाल्यावर 1837 मध्ये तापाने फणफणले आणि त्यांना स्वर्ग दिसला. पुढे कळलं, की आपण येशूचे धाकटे भाऊ. बंड केलं, कोट्यवधी माणसं मेली, 1853 मध्ये नानजिंग घेतलं. आणि गादीवर बसल्यावर या गृहस्थांनी काय सुरू करावं? सरकारी नोकरीच्या परीक्षा. प्रश्न अर्थात स्वतःच्याच धर्मग्रंथांवरचे.