डॉलरचिन्हाचा धनी

नेटवर्कवरच्या एका सामाईक फोल्डरमधल्या पीडीएफ फायली आमच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये दिसाव्यात, एवढीच वरिष्ठांची माफक अपेक्षा होती. माझ्या यंत्रावर त्या दिसतही होत्या. कारण तिथे ॲप्लिकेशन माझ्याच लॉगिनवर चालत होते आणि मला तो फोल्डर खुला होता. सर्व्हरवर चढवताच मात्र मार्गच सापडेना. 'झेड ड्राइव्ह तर आहे की!' असे जो तो आपल्या पडद्यावर बोट ठेवून सांगू लागला. मॅप केलेला, म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरला एक अक्षर देऊन जोडलेला, ड्राइव्ह ज्याच्या लॉगिनमध्ये केला त्याच्यापुरताच असतो, ॲप्लिकेशन चालवणाऱ्या आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरला त्याची गंधवार्ताही नसते, हे समजावण्यात सकाळ गेली. मग दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण पत्ता लिहिला, तेव्हा 'मार्ग सापडत नाही'च्या जागी 'ॲक्सेस डिनाइड' आले. आमच्या धंद्यात याला प्रगती म्हणतात.

आता परवानगी द्यायची, पण कोणाला? ॲप्लिकेशन पूलचे, म्हणजे आयआयएस ज्या कप्प्यात ॲप्लिकेशन चालवते त्याचे, जे आपोआप तयार झालेले खाते असते, त्याचा रुबाब त्या एका सर्व्हरपुरता. नेटवर्कवर पाऊल टाकताच ते स्वतःचे नाव टाकून यंत्राचे नाव धारण करते आणि त्यापुढे डॉलरचे चिन्ह लावते. फाइल सर्व्हरच्या परवानगीच्या खिडकीत मी आमच्या सर्व्हरचे नाव लिहिले, तर असे कोणीच नाही, असे उत्तर आले. कारण 'ऑब्जेक्ट टाइप्स'मध्ये 'कॉम्प्युटर्स'समोर खूण केल्याशिवाय ती खिडकी यंत्रांना खिजगणतीत धरत नाही.

नाव सापडले, शेअरवर वाचनाची परवानगी दिली, तरी नकार कायम. शेअरची, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याची, परवानगी वेगळी आणि एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवरच्या फायलींची, वेगळी, आणि दोन्हींत जी अधिक कडक तिचेच चालते. या टप्प्यावर एक अनुभवी सहकारी मागे येऊन हळूच म्हणतात, "एव्हरीवन, फुल कंट्रोल देऊन टाका ना." या सल्ल्याची खरी भीती अशी की त्याने काम होते, आणि झालेल्या कामाकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. मी 'सिक्युरिटी'च्या टॅबमध्ये जाऊन त्या डॉलरवाल्याला केवळ वाचनाची मुभा दिली आणि फायली उघडल्या.

वरिष्ठ प्रसन्न झाले. म्हणाले, "छान! आता ज्याला फोल्डरमध्ये जेवढे दिसते, तेवढेच त्याला इथेही दिसू द्या." म्हणजे वेब सर्व्हरने आता वापरणाऱ्याच्या नावाने पुढच्या सर्व्हरचे दार ठोठवायचे. पण विंडोज ऑथेंटिकेशनमध्ये वापरणाऱ्याचा पासवर्ड वेब सर्व्हरपर्यंत येतच नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्यासाठी कर्बरोस डेलिगेशन, म्हणजे वापरणाऱ्याच्या वतीने पुढे जाण्याची मुभा, लागते, आणि ती सहसा डोमेनच्या, म्हणजे ऑफिसच्या साऱ्या नेटवर्कच्या, ॲडमिनने द्यायची असते. त्यांना मी ईमेल पाठवला आहे. त्यांनी उलट विचारले आहे की, हे काम करण्याची परवानगी तुम्हाला कोणी दिली?