शेकोटीचा दंड

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हापासून डोकं ठणकतंय. गेटवरच्या वॉचमन काकांनी रात्री शेकोटी पेटवली म्हणून ५०० रुपये दंड, या महिन्याच्या पगारातून कापणार. खाली अंगठ्यांची रांग. आणि एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "खरं प्रदूषण हीच माणसं करतात, नाव मात्र आपल्या गाड्यांचं होतं."

"हीच माणसं."

मला आईच्या एक्स-रेचा दिवस आठवला. तिला दम लागायला लागला तेव्हा गावाहून इकडे आणलं होतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि तिच्याकडे न बघता मला विचारलं, "किती वर्षं विडी ओढतायत?" आईनं पदर तोंडावर घेतला. जिनं जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही, ती बाई चोरी पकडल्यासारखी खाली बघत बसली. चाळीस वर्षं तुरकाट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांवर आमचा स्वयंपाक केला तिनं. पावसाळ्यात ओलं सरपण पेटेना, तेव्हा फुंकणी घेऊन चुलीत तोंड घालून बसायची. पण त्या खोलीत चूल हा शब्द तिनं काढला नाही, डॉक्टरांनी काढला नाही, आणि मीही काढला नाही. मला तेव्हा सुचलाच नाही, हे अजून लागतं.

हवेतला धूर कुणाचा, हे अंदाजानं सांगायची गरज नसते हो. ते मोजता येतं. पंपानं हवा ओढून फिल्टरवर कण गोळा करतात आणि त्यात काय काय आहे ते तपासतात. सिलिकॉन, ॲल्युमिनियम जास्त असेल तर माती-धूळ. व्हॅनेडियम, निकेल असेल तर जड इंधन तेल. लाकूड, काटक्या जळल्या की त्यातल्या सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसान नावाचं एक द्रव्य तयार होतं, ते डिझेलच्या धुरात सापडत नाही. घरात दूध उतू गेलं की करपलं, ते आपण वासावरून सांगतो ना, तसंच हे, फक्त प्रयोगशाळेत.

आणि यातलं एक मोठं काम आपल्या सिंहगडावर झालंय, जिथे आपण दर रविवारी चढून जातो! दक्षिण आशियावर हिवाळ्यात तपकिरी धुराचा थर पसरतो, तो लाकूड-शेणाचा की कोळसा-पेट्रोलचा, यावर शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षं वाद होता. स्वीडनच्या आणि आपल्या शास्त्रज्ञांनी मिळून सिंहगडावर आणि मालदीवच्या हानिमाधू बेटावर फिल्टर लावले आणि त्यावरच्या काजळीतला कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर हळूहळू संपत जाणारा कार्बनचा एक प्रकार, मोजला. कोळसा, पेट्रोल कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेलं, त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला. काल-परवाच्या झाडात, गोवरीत तो असतोच. २००९ साली निष्कर्ष आले: हवेतल्या कार्बनी कणांपैकी सुमारे दोन तृतीयांश लाकूड, शेण, पालापाचोळा जाळण्यातून.

म्हणजे ग्रुपवरचे ते गृहस्थ अगदीच खोटं बोलत नाहीत. शेकोटीचा धूर वाईटच, मान्य. पहिला घास काकांच्याच छातीचा घेतो तो.

पण "लाकूड जळतं" हे फिल्टरनं सांगितलं. "हीच माणसं" हे फिल्टरनं सांगितलेलं नाही, ते तुम्ही जोडलंत. स्रोत सापडला की गुन्हेगार सापडला, असं होत नाही. सरपणावर रांधणारी बाई या धुराचा स्रोत असते आणि तो धूर सगळ्यात जास्त गिळतेही तीच. माझ्या आईला दंड करणार होतात का? तिनं तो भरलाय, पूर्ण भरलाय.

आणखी एक. ते दोन तृतीयांश फक्त कार्बनचे. पीएम २.५, म्हणजे हवेतले फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण, ही नुसती काजळी नव्हे. औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो तेव्हा तो वायू असतो, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाता जाता हवेतल्या अमोनियाशी जुळून त्याचे सल्फेटचे कण होतात. कार्बन-१४ नं ते पकडता येत नाहीत, त्यात कार्बनच नसतो. काकांच्या शेकोटीचा धूर मात्र गॅलरीतून दिसतो. दिसतो म्हणून दंड!

आता खरंच संताप येतोय. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं या वीज केंद्रांना नियम घातला, सल्फर कमी करा, मुदत २०१७. मग मुदतवाढ. मग परत मुदतवाढ. आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सल्फरच्या त्या नियमातून सूटच दिली. दहा वर्षं! वॉचमनला मात्र एक रात्र नाही, लगेच ५०० रुपये. रस्त्यावर पाणी मारणारे टँकर फिरतात त्याचे फोटो येतात, धूळ बसते, छान दिसतं. पण धुळीचे कण बहुतेक जाडे असतात. फुप्फुसात खोल जाणारा बारीक कण मुख्यतः जळण्यातून येतो, तो पाण्यानं बसत नाही.

आमच्या घरात देवाच्या तसबिरीची काच आई दर शनिवारी पुसायची. पांढरं फडकं एका हातात काळं व्हायचं. ते फडकं ती वेगळं धुवायची, इतर कपड्यांना डाग लागतील म्हणून. आठवडाभरात काचेवर एवढं बसतं, तर तिच्या छातीत काय बसत असेल, हे आमच्या घरातल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. आम्ही सगळे तिच्या हातची भाकरी खात होतो.

आणि आता हायवेवर जागोजागी पाट्या, "चुलीवरची मिसळ", "चुलीवरचं मटण". मला त्या पाट्या बघवत नाहीत. खाणाऱ्यांना नावं ठेवत नाही, चव असते, मला माहीत आहे. पण आत चुलीपुढे कोण बसलंय ते एकदा डोकावून बघा.

उज्ज्वला आली, गॅस पोचला, नाकारत नाही. पण सिलिंडर परत भरायला पैसे नसतील तर बाई पुन्हा काटक्या गोळा करते. गंमत म्हणून कुणी धुरात बसत नाही. काकांनीही गंमत म्हणून शेकोटी केली नाही. मगाशी खाली जाऊन विचारलं. म्हणाले, "ताई, केबिनला दार नाही, पहाटे तीनला बोटं वळत नाहीत." केबिनमध्ये प्लगचा पॉइंटसुद्धा नाही. आपल्या पार्किंगमध्ये गाड्या चार्ज करायला चार आहेत.

रविवारी अकरा वाजता मीटिंग आहे. दंड मागे घ्या, केबिनला दार लावा आणि एक पॉइंट काढून द्या, हे मी मांडणार आहे. हीटर मी आणते. सोसायटीतले जे हे वाचतायत त्यांनी कृपया या, मी एकटी बोलले तर विषय पुढच्या मीटिंगवर ढकलतील, आणि थंडी अजून दोन महिने आहे.