आडनाव न विचारता ऐकायचं

कामावरून घरी येताना लॅनार्क वेवरचं लोखंडी फाटक बंद व्हायच्या आत पलीकडे पोचायचं, ही सवय मला उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला आल्यावर लागली. फाटकाच्या एका अंगाला फॉल्स रोडची कॅथलिक वस्ती, दुसऱ्या अंगाला शँकिलची प्रोटेस्टंट. या दोन बाजूंचा संघर्ष थांबवणारा गुड फ्रायडे करार १९९८ च्या एप्रिलमध्ये झाला. त्याआधीच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. करार झाला, बंदुका थंडावल्या, तरी भिंत अजून उभी आहे आणि रात्री फाटक लागतं.

येत्या काही महिन्यांत ऐकायला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय रेडिओ माहितीपटांची यादी परवा माझ्या वाचनात आली. विषय संघर्ष, समेट, आरोग्य, विज्ञान. मी ती पुण्याच्या घरच्या ग्रुपवर टाकली. धाकट्या भावाचं लगेच उत्तर, ‘ताई, रेडिओ ऐकतंय कोण आता?’

हाच वाद आमच्यात जून २०२३ मध्ये झाला होता. आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा निर्णय आला, पुणेकरांनी ओरड केली आणि तो स्थगित झाला. बातम्या टिकल्या याचा मला आनंदच झाला. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. आकाशवाणीकडे माहितीपटाला आपला स्वतःचा शब्द आहे, ‘रूपक’. तो शब्द शेवटचा कधी कानावर पडला, आठवून बघा. एखाद्या दुखऱ्या विषयावर तासभर, मधे कुणी न ओरडता, दोन्हीकडच्या माणसांना बोलू द्यायचं, असं काही आपल्याकडे होतच नाही. टीव्हीवर आठ चौकटींतून आठ जण भांडतात, त्याला आपण चर्चा म्हणतो.

इथं प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणारी बाई शँकिलची. एकदा जेवणाच्या सुट्टीत रेडिओवर पलीकडच्या वस्तीतली एक आई आपल्या गेलेल्या मुलाबद्दल सांगत होती. त्याच्या बुटांबद्दलच बोलली बराच वेळ. माझ्या सहकारिणीच्या हातातला चहा गार झाला. नंतर ती म्हणाली, नाव आणि शाळा आधी कळली असती तर मी ऐकलंच नसतं.

मला चटकन पुणे आठवलं. बेलफास्टला माणूस कॅथलिक की प्रोटेस्टंट हे कळायला नाव आणि शाळा विचारतात, आपण आडनाव विचारतो. आणि आपल्याकडे तर आवाजही सुटत नाही. ‘पाणी’ की ‘पानी’ यावरून ऐकणारा मनात खूण करून मोकळा होतो. म्हणूनच मला ‘पानी’ म्हणणारे आवाज निवेदकाच्या शुद्ध मराठीत गाळून न घेता, जसेच्या तसे हवे आहेत.

१ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमाच्या परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला. निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या चौकशी आयोगापुढे साक्षी झाल्या, आयोगाची मुदत पुन्हा पुन्हा वाढली. त्या साक्षींतला एक तरी आवाज सणसवाडीच्या किंवा वढूच्या घरात पोचला का? दक्षिण आफ्रिकेत १९९६ मध्ये डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांवर सत्य आणि समेट आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या, तेव्हा त्या रेडिओवरून खेड्यापाड्यांत ऐकू येत होत्या, लोकांच्या आपापल्या भाषांत. न्याय पुरा झाला असं तिथलं कुणी म्हणत नाही. पण ‘असं काही घडलंच नाही’ असं म्हणायची सोय राहिली नाही.

आपल्याकडे खासगी एफएमला आणि सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. आकाशवाणीच्या तेवढ्या लावता येतात. वादाचा विषय निघाला की सगळे हात झटकतात. आणि हे कुठल्या देशात? रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला तिथं. तो देणाऱ्या पीठातले न्यायमूर्ती पी. बी. सावंत शेवटी पुण्यातच राहत होते.

बंदीच्या बाजूचे लोक रवांडाचं नाव घेतात. ते खोटं नाही. १९९४ मध्ये तिथं आरटीएलएम या रेडिओ केंद्राने माणसं मारायला चिथावलं. पण त्याच रवांडात २००४ पासून ‘मुसेकेवेया’ ही श्रुतिका दोन गावांच्या वैरातून समेटाची गोष्ट सांगत आली. रेडिओचं भय होतं, तरी त्यांनी रेडिओ बंद ठेवला नाही.

आरोग्याचं तर मी घरातच पाहिलं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. पोटात जंतुसंसर्ग होतो, त्याच्याशी लढणारी शरीराची संरक्षणयंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, पायांना मुंग्या येतात, मग ताकद जाते. आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बोट दूषित पाण्याकडे जात होतं. आमच्या ग्रुपवर मात्र पनीर खाऊ नका, चिकन खाऊ नका, शेजाऱ्यांकडे जाऊ नका. विषाणू संस्था पुण्यात, विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ रेडिओ केंद्र पुण्यात, आणि धायरीतली माझी आत्या मला बेलफास्टला फोन करून विचारत होती, ‘अगं, पाणी किती वेळ उकळायचं?’

विद्यावाणीच्या मुलांना माझी विनंती आहे, मायक्रोफोन घेऊन धायरीला जा, लोक विसरायच्या आत. मी सुरुवात केली आहे. आत्याला म्हटलं, त्या महिन्यात काय काय झालं ते फोनवर रेकॉर्ड करून पाठव. चौदा मिनिटं आलीत. सातव्या मिनिटाला टँकरचा हॉर्न वाजतो, आत्या म्हणते, ‘थांब, हंडे लावून येते,’ आणि रेकॉर्डिंग तसंच चालू राहतं. बायकांचा गलबला, हंडे आपटल्याचा आवाज, कुणीतरी विचारतं, हे पाणी कुठनं आणलंय? टँकरवाल्याचं उत्तर ऐकू येत नाही.