'फुल अँड फायनल'वर सही झाली म्हणजे दावा संपला का?

विम्याच्या दाव्यांबद्दल एक संदेश सतत फिरत असतो: "कंपनीने कापून दिलेली रक्कम घेऊच नका. डिस्चार्ज व्हाउचरवर (पूर्ण आणि अंतिम रक्कम मिळाली असं लिहून देणाऱ्या पावतीवर) सही केली की कोर्टही काही करू शकत नाही. घ्यायचीच असेल तर सहीखाली 'अंडर प्रोटेस्ट' (हरकत राखून) लिहा, काम झालं." या सल्ल्यावर विसंबून लोक हातचे पैसे सोडतात, म्हणून तो खोडायलाच हवा.

सहीने हक्क आपोआप संपत नाही. अजमेर सिंग कॉटन मिल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितलं, की सही फसवणुकीने, खोटी माहिती देऊन किंवा गैरवाजवी दबावाखाली घेतल्याचं सिद्ध झालं तर व्हाउचर असूनही ग्राहकाला दाद मागता येते. २००८ च्या बोघारा पॉलिफॅब प्रकरणात तारीख नसलेलं व्हाउचर आगाऊच मागितल्याची तक्रार होती. कंपनीने मान्य केलेले पैसेसुद्धा सहीशिवाय सोडायचे नाहीत आणि अडचणीतल्या माणसाने नाइलाजाने सही करायची, याला न्यायालयाने राजीखुशीची तडजोड मानलं नाही. विमा नियामकाच्या २४ सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकानेही व्हाउचरमुळे जास्त रकमेसाठी दाद मागण्याचा हक्क जात नसल्याचं स्पष्ट केलं.

मग पैसे का नाकारायचे? मान्य झालेली रक्कम घ्यावी आणि उरलेल्या रकमेसाठी भांडावं. ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही.

मात्र याच संदेशाला उत्तर म्हणून "नंतर दबाव होता म्हणायचं" असंही सुचवलं जातं, ते त्याहून घातक. जीनस पॉवर प्रकरणात सही करून पैसे घेतल्यावर तीन आठवडे हरकतीचा शब्दही नव्हता. दबावाच्या मोघम आरोपाला काही आधार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. दावे पडतात ते अनेकदा इथे.

'अंडर प्रोटेस्ट' उपयोगी आहे, पण दोन शब्दांत हरकत कशाला ते कळत नाही. शिवाय शेरा मारलेलं व्हाउचर कंपन्या परत पाठवतात आणि ओटीपीवर संमती घेतात तिथे शेऱ्याला जागाच नसते. म्हणून सहीच्या आधी दावा क्रमांक घालून ईमेल करा: "अमुक कपात मला मान्य नाही. कपातीचा बाबवार तपशील आणि सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत द्यावी. मिळणारी रक्कम अंशतः म्हणून, उरलेल्या रकमेचा हक्क राखून स्वीकारत आहे." पैसे जमा झाले त्याच दिवशी हेच पुन्हा पाठवा. व्हाउचरवर तारीख स्वतः टाका, फोटो काढून ठेवा. कोऱ्या फॉर्मवर सही नकोच. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) एका वर्षाच्या आत जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाख रुपये. तोच वाद ग्राहक आयोगात दाखल असेल तर मात्र लोकपाल तो घेत नाही.

सही खरोखर शेवटची ठरते ती लोकअदालतीत. मोटार अपघाताचे बरेच दावे तिथे मिटतात. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. अगदी मोजक्या कारणांवर उच्च न्यायालयात रिट याचिका तेवढी उरते. त्यामुळे कायमच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातात नसेल किंवा पुढची शस्त्रक्रिया बाकी असेल, तर तडजोडीच्या कागदावर सही करू नका, पुढची तारीख मागा. जखमी अज्ञान (अठरा वर्षांखालील) असेल तर पालकाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची परवानगी घेतल्याशिवाय त्याच्या वतीने तडजोड करता येत नाही, आणि ती परवानगी नोंदवली गेली की नाही हे त्याच दिवशी आदेशात पाहून घ्या.