नवतपा आणि टायरमधील हवा

नवतपा, म्हणजे मे अखेरीचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, जवळ आला की नागपुरातल्या कौटुंबिक गटांवर एक संदेश फिरू लागतो. समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटू नयेत म्हणून हवा 8 ते 10 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी ठेवावी, नायट्रोजनच भरावा आणि पकड वाढावी म्हणून खोल नक्षीचे जाड टायर बसवावेत, असे त्यात असते. एरवी मी दुर्लक्ष केले असते. परंतु सहकुटुंब शिर्डीला निघालेल्या माझ्या धाकट्या भावाने तो वाचून 33 ची हवा 24 वर आणली, तेव्हा लिहिणे भाग पडले.

हवा तापली की दाब वाढतो, एवढे खरे आहे. पण सकाळी 30 अंशांना भरलेली 33 पीएसआय हवा टायरमध्ये 70 अंशांपर्यंत तापली, तरी दाब 39 च्या आसपास पोहोचतो. चालकाच्या दाराजवळ छापलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेलीच असते. टायरला खरा धोका असतो तो त्याच्या स्वतःच्या उष्णतेचा. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरच्या भिंती जास्त दबतात, त्या सततच्या दुमडण्याने रबर आतून तापते आणि शेवटी त्याचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. भरलेली गाडी ताशी 120 किलोमीटरने धावत असताना 24 ची हवा म्हणजे फुटण्याची पूर्वतयारीच होय.

हे माझे तर्कट नाही. ऑगस्ट 2000 मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. त्यांपैकी बरेच फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवर होते. फोर्डने शिफारस केलेला दाब 26 पीएसआय होता, तर फायरस्टोनचे म्हणणे 30 चे होते. टायरच्या घडणीतही दोष होता, हे मान्य. पण थर सुटण्याच्या घटना टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत विशेष घडल्या. त्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि त्यातूनच पुढे नव्या मोटारींत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. इशारा हवा कमी झाल्याचा आहे, हे संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

नायट्रोजनाने अपाय नाही, पण साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच. खोल नक्षी उमरेडकडच्या काळ्या मातीच्या चिखलात उपयोगी पडते. कोरड्या काँक्रीटवर मात्र तिचे उंच ठोकळे डुलतात, तापतात आणि लवकर झिजतात.

उन्हाळ्यात टायर जास्त फुटतात, हेही मला नाइलाजाने मान्य करावे लागते. मात्र भावाच्या टायरवरचे निर्मितीचे चार अंक मी पाहिले, तेव्हा ते 2315 निघाले, म्हणजे 2015 सालचा तेविसावा आठवडा. भिंतींवर बारीक भेगाही होत्या. त्या भेगांविषयी संदेशात एक अक्षर नव्हते.